बसऱ्याचं पान

पेरूजा, इटली
रविवार, १३ जुलै २०२५

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

हे पत्र मुद्दाम हातानं लिहून टपालानं पाठवतेय. फोनवर हे नीट बोलता येत नाही. रेंज जाते, मध्येच कुणीतरी हाक मारतं, आणि आजीला पडद्यावरचं दिसत नाही. दुपारी जेवणं झाली की पडवीत बसून मोठ्यानं वाचा. आजीसाठीचं शेवटी लिहिलंय, तेव्हा ती जागी असू दे. पत्र पोचेल तोवर लावणी उरकलेली असेल, मधल्या घरच्या काकांनाही बोलवा. फलकाचं काम त्यांच्याकडे आहे.

शाळेच्या भिंतीतल्या दगडाचा तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करकरून पाहिला. तिसरीत असताना मी त्या दगडाच्या खालीच बसायचे. पांढरा संगमरवर, भर मे महिन्यातही पाठीला गार लागायचा. दरवर्षी भिंतीला चुना मारला की दगडावरही एक हात फिरायचा आणि अक्षरं बुजायची. मग आम्ही पोरी कंपासच्या टोकानं एकेक अक्षर कोरून मोकळं करायचो. किती जण गेले तो आकडा आम्हाला लागायचा. त्यांतले किती परतले नाहीत, त्या आकड्यापर्यंत कधी पोचलोच नाही, त्याआधी गुरुजींचा आवाज यायचा. या गावातून इतके जण महायुद्धात गेले, १९१४ ते १९१९, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. बस्स, एवढंच. असे दगड आपल्या जिल्ह्यात आणि घाटावरही कितीतरी गावांत आहेत, आणि मजकूर जवळजवळ सगळीकडे हाच.

आता ती भिंत उतरवायची आहे, दगड ग्रामपंचायतीपुढे बसवायचा आहे आणि शेजारी नवा फलक २६ जानेवारीला लावायचा आहे. तुम्ही विचारलंत की दगडावर नुसता आकडा आहे, नावं आणायची कुठून? आकडाच पुन्हा कोरावा का? नाही बाबा. आकडा पुन्हा कोरू नका. तेवढं सांगायलाच हे पत्र आहे.

परवा गुरुवारी, १० जुलैला, मी इथून जवळच्या मोंतोने नावाच्या गावी जाऊन आले. मैत्रिणीनं गाडीतून नेलं. डोंगराच्या माथ्यावर तटबंदीतलं इवलंसं गाव आहे, आणि खाली तेवेरे नदीचं खोरं. आपण शाळेत हिलाच टायबर म्हणून शिकलो. उतारावर सूर्यफुलं फुललेली, मध्ये मध्ये तंबाखूची शेतं, आणि झाडांवर रातकिड्यांसारखे किडे भर दुपारी ओरडत होते. या खोऱ्याच्या वरच्या डोंगरात १० जुलै १९४४ला नाईक यशवंत घाडगे पडले. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. मुंबईला जाताना आपली एसटी माणगावात थांबते तेव्हा तुम्ही दरवेळी म्हणायचात, इथल्या एका पोरानं व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलाय. मी तेव्हा वडापावच्या गाडीकडे बघत असायचे.

ते पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि यांच्याखेरीज सगळे पडले, कुणी मेले, कुणी जखमी झाले. घाडगे एकटे त्या मोर्च्यावर धावून गेले. ग्रेनेड टाकून मशीनगन बंद पाडली, तिथल्या एकाला गोळी घातली. बंदुकीतल्या गोळ्या संपल्या, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा नळीकडून बंदूक धरून उरलेल्या दोघांना दस्त्यानं मारलं. आणि जिंकलेल्या त्याच जागेवर लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय २२. देह सापडला नाही.

मोंतोनेच्या लोकांनी २०२३मध्ये त्यांच्या नावानं एक स्मारक उभं केलंय. पुतळा नाही, उन्हावर चालणारं घड्याळ आहे. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, असं त्यावरचं वचन आहे. मी तिथं सावली सरकेपर्यंत उभी राहिले. एका इटालियन गावाला आपल्या रायगडातल्या पोराचं नाव घ्यावंसं वाटलं. तेव्हा तिथं रडू आलं, ते दुःखानं नव्हतं. योगायोगानं त्या दिवशी गुरुपौर्णिमा होती. सकाळीच तुम्हाला फोनवर नमस्कार केला होता, पण कुठं निघालेय ते सांगितलं नाही. आधी बघावं, मग सांगावं असं ठरवलं होतं.

मार्चमध्ये मी कासिनो गावच्या युद्धस्मारकालाही गेले होते. इटलीत पडून ज्यांना कबर लाभली नाही, अशा ४ हजारांहून जास्त जणांची नावं तिथं दगडावर आहेत, घाडग्यांचंही त्यांतच आहे. मराठा पलटणीचा रकाना लागला आणि मी बोटानं वाचत गेले. स्पेलिंगं वेडीवाकडी, पण आडनावं आपल्या हजेरीपटातली. मोठ्यानं वाचायला लागले तर शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, तुमचे कुणी आहेत का? मी हो म्हटलं. खोटं बोलले असं मला वाटत नाही.

आता बसऱ्याचं सांगते.

आपले बसऱ्याचे आजोबा म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. बसऱ्याला गेले, आले नाहीत. यापलीकडे आपल्या घरात कुणी काही सांगत नाही. मी इथं बसून जमेल तेवढं वाचलंय. पहिल्या महायुद्धात पुण्याची सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकात उतरली, तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. त्या कूत नावाच्या गावात वेढ्यात अडकल्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, पावणेपाच महिने. अन्न संपत आलं, घोडी कापून खायची वेळ आली, आणि शेवटी शरणागती. सुमारे १३ हजार माणसं कैद झाली. त्यांना वाळवंटातून चालवत नेलं, कितीतरी रस्त्यातच गेली, आणि उरलेल्यांतल्या पुष्कळ हिंदी शिपायांना रास अल-ऐनकडे रेल्वेच्या कामाला जुंपलं. आपले आजोबा वेढ्यात गेले, चालताना गेले की बसऱ्याच्या इस्पितळात तापानं गेले, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. पण त्यांच्या नावाचं काय झालं ते सांगते.

बसऱ्याला एक मोठं स्मारक आहे. १९२९मध्ये झालं. तिकडे मेलेल्या आणि कबर न मिळालेल्या ४० हजारांहून जास्त माणसांचं. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरलीत. हिंदी अंमलदारांचीही कोरलीत. पण साध्या हिंदी शिपायांची कोरली नाहीत. प्रत्येक पलटणीखाली नुसतं, आणि इतर इतके हिंदी शिपाई. कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या आयोगानं २०२१मध्ये स्वतःच अहवाल काढून ही असमानता कबूल केली आणि माफी मागितली. तेच स्मारक १९९७मध्ये शहरातून हलवून ३२ किलोमीटरवर नासिरियाच्या रस्त्याला वाळवंटात नेऊन उभं केलं.

म्हणजे बघा बाबा, बसऱ्याच्या दगडावर आजोबा आकडा आणि आपल्या शाळेच्या दगडावरही आकडाच. आता तिसऱ्यांदा आपण आपल्या हातानं त्यांना आकडा करायचं?

काका म्हणाले होते की ते इंग्रजांसाठी लढले, त्यांचं एवढं काय. मला हे पटत नाही आणि मोठ्यांचा मान ठेवून सांगते. ज्या घरात भात फाल्गुनात संपायचा आणि पुढं नाचणी-वरीवर दिवस काढायचे, त्या घरातला पोरगा भरतीला उभा राहिला तो पगारासाठी. त्याची मनीऑर्डर आली म्हणून आपलं घर शाकारलं गेलं. आपला अख्खा जिल्हा मनीऑर्डरवर जगला. कधी पलटणीतून, कधी बोटीवरून, कधी गिरणीतून. महाड तालुक्यातल्या एका आंबवड्याला तर नावच फौजी आंबवडे पडलं, घरटी माणूस सैन्यात म्हणून. ते कुणासाठी मेले याचा वाद करायला वेळ आहे. ते कुणाचे होते, याबद्दल तर वाद नाही ना? ते गावाचे होते.

आणि गाव म्हणजे नुसती आपली वाडी नाही. तुम्ही पाठवलेली कच्ची यादी पाहिली. त्यात बौद्धवाडीचं एकही नाव नाही, मोहल्ल्याचं एकही नाही. हे जाणूनबुजून केलेलं नाही, मला माहीत आहे. यादी करायला बसले ते आपल्या वाडीतले, आणि त्यांना आठवली ती आपली माणसं. पण दापोली तालुक्यात राहून हे कसं चालेल? दापोली कॅम्प ही पेन्शनर फौजींची वसाहत. रामजी सुभेदार निवृत्त होऊन तिथंच राहिले होते. गोपाळबाबा वलंगकर पलटणीतून निवृत्त होऊन दापोलीतच स्थायिक झाले, आणि इंग्रजांनी महारांची भरती बंद केली तेव्हा ती पुन्हा सुरू करा म्हणून त्यांनी अर्ज लिहिला. ज्या सरकारनं दार लावलं, त्यालाच महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७मध्ये १११ नंबरची महार पलटण उभी करावी लागली, आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांतच मोडून टाकली. पुढं १९४१ला महार रेजिमेंट झाली ती आजही आहे. दगडावरच्या आकड्यात त्या वाडीचे लोक नक्की मोजलेले असणार. आकड्याला जात नव्हती. आपण नावं लिहायला घेतली आणि तेच गाळले, असं होता कामा नये. तुम्ही स्वतः वाडीत जा बाबा, निरोप पाठवू नका. पेन्शनीचे कागद त्यांनी आपल्यापेक्षा जपून ठेवलेले असतात.

मोहल्ल्याचंही तसंच. यादीच्या समासात कुणीतरी लिहिलंय, खलाशी होते, फौजी नव्हते. पण बोटी बुडाल्या त्या टॉर्पेडोनं आणि सुरुंगांनीच ना? आपल्या रत्नागिरीच्या मुसलमान दर्यावर्दींनी इंग्रजांच्या आरमारात आणि व्यापारी बोटींवर पिढ्यान्‌पिढ्या नोकऱ्या केल्या. इंजिनखोलीत कोळसा ओढणाऱ्याला पाणी आत शिरलं तर वर यायलाही वेळ मिळत नसे. मुंबईत मशीद बंदरला खलाशांचं जुनं वसतिगृह आहे, तिथं पहिल्या महायुद्धात बुडालेल्या २ हजारांहून जास्त खलाशांचं स्मारक आहे. समुद्राखेरीज ज्यांना दुसरी कबर नाही, अशांचं. दादा डोंबिवलीला आहे, त्याला एका शनिवारी तिथं जायला सांगा. मोहल्ल्यातल्या कुणाला तरी बरोबर घेऊन जाऊ दे, म्हणजे नावं ओळखायला बरं.

स्वातंत्र्यानंतरचे तर तुम्हाला पाठच आहेत, त्यांच्याबद्दल मी सांगायला नको. फक्त नौदलातले विसरू नका. १९७१च्या ९ डिसेंबरला खुकरी ही युद्धनौका बुडाली तेव्हा १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. दीवला त्यांचं स्मारक आहे. त्या रात्री रेडिओपाशी किनाऱ्यावरची सगळी घरं जागी होती, असं आजीच सांगते.

नावं शोधायची कशी, तर मला सुचतं ते लिहिते. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर तुमच्या हाताखालून गेलंय, १९००च्या आसपासची पानं परत काढा. तलाठ्याकडे जुने फेरफार बघा. माणूस परदेशात मेला तर कोतवाल बुकात त्याची नोंद सापडेलच असं नाही, पण सातबाऱ्यावरून नाव कमी करून वारस लावायला फेरफार करावाच लागतो, आणि त्यात मयत असा शेरा असतो. त्या आयोगाच्या याद्या आता संगणकावर शोधता येतात. कित्येक नोंदींत बापाचं नाव आणि गाव दिलेलं आहे. ते काम माझ्याकडे द्या. आपल्या गावाचं नाव इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहिलं जात होतं तेवढं मला कळवा, जुन्या टपालशिक्क्यांवर असेल.

आजी, आता तुझ्यासाठी.

गेल्या रविवारी मी अरेझ्झो गावाला गेले होते. तिथं महिन्याच्या पहिल्या रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. एका टेबलावर आपली देवी दिसली. हो, आपल्या देवघरातली, तांब्याखाली ठेवलेली काळपट पितळी चकती. तीच उभी बाई, हातात त्रिशूळ, पायाशी सिंह, आणि बाजूला दोन मासे. माझे पाय जागच्या जागी थांबले. विकणाऱ्या बाबाला विचारलं तर तो म्हणाला, पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येक शिपायाच्या घरी इंग्रज सरकारनं ही चकती पाठवली होती. तेरा लाखांहून जास्त काढल्या होत्या, काशाच्या. ती बाई म्हणजे त्यांची ब्रिटानिया. दोन मासे म्हणजे डॉल्फिन. कडेनं लिहिलंय की स्वातंत्र्यासाठी आणि मानासाठी तो मेला.

आणि बाईच्या शेजारी एक चौकोन असतो, आजी. त्यात त्या माणसाचं नाव असतं. हुद्दा नाही, नुसतं नाव. कप्तान असो की शिपाई, सगळ्यांचं सारखंच.

तुझ्या चुलतसासूला टपालानं ती आली असेल. तिला काय वाचता येणार! तिला दिसली सिंहावरची अंबाबाई. तिनं हळदकुंकू वाहिलं आणि देवघरात ठेवली. तू सांगायचीस की ती कुंकू पुसायला तयारच नव्हती, माणूस हरवलाय असं कागदात आहे, मेलाय असं नाही, म्हणायची. शंभर वर्षं आपण सगळे त्या नावाला नमस्कार करत आलोय आणि आपल्याला ठाऊक नव्हतं. मी तर परीक्षेला जाताना तिच्यावरचंच कुंकू लावून जायचे.

आजी, तुला हात जोडून एक सांगते. दर गुरुवारी तू ती चिंच लावून घासतेस, ते आता थांबव. चुकलं काहीच नाही तुझं, तुझ्या सासूनं घासली तशी तू घासलीस. पण अक्षरं उठावाची आहेत, झिजत चाललीत. आईनं पाठवलेल्या फोटोत मला आडनावाचा शेवट लागतो, पुढचं नाव लागत नाही. ओल्या फडक्यानं पुसून कोरडी कर, एवढंच पुरे. तिला देवघरातून काढायची नाही. ती जिथं आहे तिथंच राहू दे.

येत्या २१ सप्टेंबरला सर्वपित्री आहे. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचा दिवस. तू दरवर्षी सगळ्यांची पानं वाढून झाली की एक जादा पान फणसाखाली ठेवतेस. मी लहानपणी एकदा त्यातला वडा उचलला होता, तेव्हा तू माझा हात धरून म्हणालीस, बसऱ्याचं पान हाय ते, मोडू नको. तेव्हा मला वाटायचं, बसरा नावाचा कुणी देव असेल. यंदा ते पान ठेवताना तुला नाव घेता येईल असं मला फार वाटतंय. दीराचं, सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं म्हणून आपल्या घरातल्या बायकांनी कधी घेतलं नाही, आणि तसं करता करता ते नाव गेलं. तुझे तर ते चुलतसासरे. पण तू घ्यावंस, आजी. तूच घ्यावंस.

माझी तब्येत चांगली आहे. इथं ऊन फार आहे, पाऊस नाही, आणि जुलैत पागोळ्यांचा आवाज नाही याची अजून सवय होत नाही. आईनं दिलेली आमसुलं पुरवून पुरवून वापरतेय. दिवाळीला येते, रजा मिळाली आहे.

आपली लेक

ता. क. बाबा, दगड भिंतीतून काढताना पहारीनं कडेला उचकटू नका, मागचा जांभा आधी मोकळा करा. आणि चुना काढायला लिंबू, चिंच, ॲसिड काहीच लावू देऊ नका, संगमरवर खाल्ला जातो. नुसतं पाणी, मऊ ब्रश आणि बांबूची काडी.

चकतीवर पातळ कागद ठेवा, मऊ शिसाची पेन्सिल आडवी धरा आणि चौकोनावर हलक्या हातानं घासा. डोळ्यांना दिसत नाही तेही कागदावर उमटतं. दोन-तीन कागद करा. जे उमटेल ते दुरुस्त न करता तसंच पाठवा, मी इथं लावते.